आईचा खोल श्वास, एबीजीचा कागद आणि रक्तातलं आम्ल

रानपाखरू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, हे आधीच सांगते.

तीन आठवड्यांपूर्वी आईला आयसीयूत ठेवावं लागलं. मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. लघवीचा संसर्ग झाला, ताप आला, उलट्या सुरू झाल्या आणि दोन दिवस तिच्या पोटात जवळजवळ काही गेलं नाही. खात नाहीये, साखर एकदम उतरेल, या भीतीने मी इन्सुलिन दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तिचा श्वास बदलला. जिना चढल्यावर धाप लागते तसा तो नव्हता. लांब, खोल, एका लयीत चाललेला, लोहाराच्या भात्यासारखा. तोंडाला जास्त पिकलेल्या फळाचा गोडसर वास. मला वाटलं न्यूमोनिया झाला.

रुग्णालयात छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. मग मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं आणि दहा मिनिटांत एबीजीचा (धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या आणि आम्लतेच्या तपासणीचा) एक छोटा कागद हातात आला: सामू (पीएच) ७.२१, कार्बन डायऑक्साइड १८, बायकार्बोनेट ७. "कीटोअ‍ॅसिडोसिस आहे," डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

आई आता घरी आहे, बरी आहे. पण तो कागद मी जपून ठेवलाय आणि तेव्हापासून वाचतेय. जे समजलं ते लिहिते, चुकलं तर जाणकारांनी बिनधास्त सुधारावं.

आपलं शरीर सतत आम्ल तयार करतं. अन्नातून ऊर्जा काढताना दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल होतं. हे आम्ल उडून जाणारं आहे, श्वासावाटे बाहेर पडतं. त्याशिवाय प्रथिनांच्या विघटनातून सल्फ्युरिक आम्लासारखी न उडणारी आम्लं होतात, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ मिलिमोल. ती श्वासाने जात नाहीत, मूत्रपिंडांनाच बाहेर टाकावी लागतात. एवढा कारखाना चालू असूनही धमनीतल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो.

तो राहतो तीन थरांमुळे. पहिला थर बफरचा: बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन, रक्तातली प्रथिनं. हे आम्लाचा हायड्रोजन आयन क्षणात पकडतात. दुसरा फुप्फुसांचा: मेंदूतलं श्वसनकेंद्र रक्तातल्या बदलाचा वास घेतं आणि काही मिनिटांत श्वास वाढवतं किंवा कमी करतं. तिसरा मूत्रपिंडांचा, आणि तो सावकाश चालतो, पूर्ण ताकदीला यायला तीन ते पाच दिवस लागतात. गाळून खाली गेलेलं बायकार्बोनेट मूत्रपिंडं जवळजवळ सगळं परत उचलतात (दिवसाला ४,००० मिलिमोलहून अधिक!) आणि आम्ल अमोनियमच्या रूपात लघवीत सोडतात.

मला सगळ्यात जास्त भिडली ती एकच गोष्ट. सामू ठरतो तो बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या प्रमाणावरून. निरोगी माणसात हे प्रमाण २० ला १ असतं. आईच्या रक्तातलं बायकार्बोनेट कीटोन आम्लांना (इन्सुलिन नसताना चरबी जाळून शरीर बनवतं ती आम्लं) विझवता विझवता २४ वरून ७ वर आलं होतं. प्रमाण सावरायचं तर कार्बन डायऑक्साइड पण खाली आणायला हवा, आणि म्हणून ती तसा श्वास घेत होती. ज्या श्वासाला मी आजार समजले, तो तिच्या शरीराने स्वतःवर चालवलेला उपचार होता. अ‍ॅडॉल्फ कुसमॉल या जर्मन वैद्याने मधुमेहाच्या बेशुद्धीतला हाच श्वास १८७४ मध्ये नोंदवला. आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

प्रश्न: मी हे बरोबर समजलेय का? आणि तिचा कार्बन डायऑक्साइड १८ होता, तो नेहमीसारखा ४० असता तर बरं झालं असतं का?

---

खडूफळा

फार मनापासून लिहिलंय. आईंना आराम पडो.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून फक्त सामूच्या मोजपट्टीबद्दल. ७.४ आणि ७.१ यांत फरक दिसतो ०.३ चा. किरकोळ वाटतो ना? ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे. एक घर खाली म्हणजे दहापट आम्लता, ०.३ खाली म्हणजे दुप्पट. ७.४ ला एका लिटर रक्तात ४० नॅनोमोल हायड्रोजन आयन असतात, ७.१ ला ८०. सोडियम दुप्पट झालेला माणूस तुम्हाला जिवंत दिसणार नाही, हायड्रोजन आयन दुप्पट झालेला माणूस मात्र वाचू शकतो. म्हणजे शरीर इथे थोडी ढील देतं, पण मोजपट्टी ती ढील झाकून ठेवते.

आणखी एक. ४० नॅनोमोल म्हणजे किती कमी? त्याच एका लिटरमध्ये सोडियम १४० मिलिमोल असतं, सुमारे ३५ लाख पट. इतक्या विरळ कणासाठी शरीर एवढा बंदोबस्त का ठेवतं? कारण तो कण प्रथिनांना चिकटतो. चिकटला की प्रथिनाचा विद्युतभार बदलतो, भार बदलला की घडी बदलते, आणि घडी बदलली की एन्झाइम काम करेनासं होतं. हृदयाचा स्नायू ढिला पडणं, रक्तवाहिन्यांनी औषधाला दाद न देणं, हे सगळं तिथून येतं.

ही मोजपट्टी १९०९ ची, सॉरेन सॉरेन्सनची. तो कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एन्झाइमांवर काम करत होता आणि शून्यांची रांग लिहून कंटाळला असावा असा माझा अंदाज. मुलांना मी हे नेहमी सांगतो.

---

साधाप्रश्न

सामू ७.२१ म्हणजे ७ च्या वरच की. मग रक्त आम्ल कुठे झालं? अल्कधर्मीच राहिलं ना?

---

खडूफळा

@साधाप्रश्न, प्रश्न अगदी रास्त. रसायनशास्त्राच्या हिशेबाने ७.२१ अल्कधर्मीच. पण इथे तुलना शुद्ध पाण्याशी नसून शरीराच्या स्वतःच्या ७.४ शी आहे. जिथे असायला हवं तिथून आम्लाच्या बाजूला सरकलं, म्हणून 'अ‍ॅसिडोसिस'. ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर जगणं फार अवघड होतं.

---

स्टेथोस्कोप

अतिदक्षता विभागात काम करतो. रानपाखरू, तुम्ही बरोबर समजलात. गाभा पकडलात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कार्बन डायऑक्साइड ४० असता तर आम्ही पळत सुटलो असतो. गणित करून दाखवतो. सूत्र हेंडरसन आणि हॅसलबाल्क यांचं आहे: सामू = ६.१ + लॉग (बायकार्बोनेट ÷ (०.०३ × कार्बन डायऑक्साइड)). बायकार्बोनेट ७ आणि कार्बन डायऑक्साइड १८ घातला की ७.२१ येतो. आता ७ तसंच ठेवा आणि १८ च्या जागी ४० घाला. सामू येतो ६.८७.

कागदावर ४० या आकड्यापुढे कुठलीही खूण नसते, तो 'नॉर्मल' पट्ट्यात बसतो. पण बायकार्बोनेट ७ असलेल्या रुग्णात ४० दिसणं म्हणजे तो थकला, भाता बंद पडत चालला. म्हणून अशा रुग्णाला 'धाप लागलीय' म्हणून झोपेचं इंजेक्शन देणं धोक्याचं. व्हेंटिलेटर लावायची वेळ आलीच तर मशीनचा श्वासाचा वेग नेहमीसारखा मिनिटाला १४ ठेवून चालत नाही. रुग्ण स्वतः ३० च्या वेगाने खोल श्वास घेऊन जे सांभाळत होता, ते मशीनने हिसकावून घेतल्यासारखं होतं. माझ्या उमेदवारीच्या काळात हे एकदा डोळ्यांसमोर घडताना पाहिलंय. विसरलेलो नाही.

श्वासाने किती भरपाई व्हायला हवी, याचा अंदाज विंटर्सच्या सूत्राने येतो: १.५ × बायकार्बोनेट + ८, दोनने इकडेतिकडे. आईंचं: १.५ × ७ + ८ = १८.५. प्रत्यक्ष १८. म्हणजे फुप्फुसं आपलं काम चोख करत होती आणि तिथे दुसरा कुठला बिघाड लपलेला नव्हता. हाच आकडा २८ आला असता तर 'फुप्फुसांचंही काहीतरी बिनसलंय' असं म्हटलं असतं.

कागदावर सोडियम आणि क्लोराइड होतं का?

---

रानपाखरू

हो, दुसऱ्या रिपोर्टवर आहे. सोडियम १३२, क्लोराइड ९७. हे कशासाठी?

आणि तुमचा ६.८७ चा हिशेब वाचून हात गार पडले. मी त्या पहाटे तिला "शांत झोप, हळू श्वास घे" म्हणत पाठीवरून हात फिरवत होते.

---

स्टेथोस्कोप

हात फिरवल्याने काही बिघडलं नाही. तिचं श्वसनकेंद्र तुमचं ऐकणार नव्हतं. 🙂

सोडियम-क्लोराइड 'अनायन गॅप'साठी. रक्तात धन भार आणि ऋण भार सारखेच असावे लागतात. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केले की जे उरतं, ते आपण न मोजलेल्या ऋण आयनांचं. साधारण ८ ते १२ असतं आणि त्यातलं बरंचसं अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचं असतं. आईंचं: १३२ − ९७ − ७ = २८. म्हणजे रक्तात कुणीतरी अनोळखी आम्ल घुसलंय. त्यांच्या बाबतीत ते कीटोन. इतरांत ते लॅक्टिक आम्ल असेल (रक्तदाब कोसळला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला), मूत्रपिंडं निकामी झाल्याने साठलेली आम्लं असतील, किंवा मिथेनॉल पोटात गेल्यावर त्यातून तयार होणारं फॉर्मिक आम्ल असेल. या शेवटच्यात डोळे जातात.

उलट जुलाबात बायकार्बोनेट आतड्यातून वाहून जातं. त्याची जागा क्लोराइड घेतं, त्यामुळे गॅप वाढत नाही. सामू तसाच पडलेला, कहाणी मात्र पूर्ण वेगळी आणि उपचारही वेगळा.

आता एक कोडं देतो. सामू ७.४०, कार्बन डायऑक्साइड ४०, बायकार्बोनेट २४, सोडियम १४२, क्लोराइड ९०. रुग्णाची मूत्रपिंडं निकामी आणि चार दिवस उलट्या. काय वाटतं?

---

साधाप्रश्न

तिन्ही आकडे नॉर्मल. घरी सोडा. 😊

---

रात्रपाळी

@साधाप्रश्न, नका सोडू! १४२ − ९० − २४ = २८. गॅप प्रचंड आहे.

---

स्टेथोस्कोप

रात्रपाळी, बरोबर. मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे आम्ल साठलं आणि त्याने बायकार्बोनेट खाली ओढलं. उलट्यांमधून जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल गेलं, त्याने बायकार्बोनेट वर ढकललं. दोन बिघाड एकमेकांना खोडून बसले आणि कागद निष्पाप दिसतोय. माणूस मात्र गंभीर आहे.

उलट्यांचंही थोडक्यात सांगतो. जठराच्या पेशी जेव्हा पोकळीत आम्ल सोडतात, तेव्हा तेवढंच बायकार्बोनेट मागच्या दाराने रक्तात सोडतात. एरवी ते आम्ल पुढे आतड्यात जाऊन स्वादुपिंडाच्या बायकार्बोनेटने विझतं आणि हिशेब मिटतो. उलटीत आम्ल बाहेर जातं, रक्तातलं बायकार्बोनेट तसंच राहतं. त्यात शरीरातलं पाणी आणि क्लोराइड कमी झालेलं असलं की मूत्रपिंडं ते जादा बायकार्बोनेट बाहेर टाकत नाहीत, धरून ठेवतात. म्हणून अशा अल्कलोसिसवर (सामू अल्काच्या बाजूला सरकण्यावर) औषध काय? बहुतेक वेळा साधं मिठाचं सलाईन आणि पोटॅशियम.

---

हिरवीपालवी

छान चर्चा. पण मूळ मुद्दा सुटतोय असं वाटतं. आपलं रक्तच आम्लधर्मी झालंय म्हणून हे सगळे आजार होतात. मी वर्षभर अल्कलाइन पाणी पितेय. लघवीची पट्टी आधी पिवळी यायची, आता हिरवी-निळी येते. म्हणजे शरीर अल्कलाइन झालं ना? थकवा पण कमी झालाय.

---

खडूफळा

@हिरवीपालवी, तुमचा थकवा कमी झाला याचा आनंदच आहे. पण पट्टी जे सांगतेय ते उलटं वाचलं जातंय. लघवीचा सामू ४.५ पासून ८ पर्यंत मोकळेपणाने फिरतो, कारण रक्ताचा सामू फिरू नये म्हणून. जास्तीचं अल्क लघवीतून बाहेर निघालं, म्हणून पट्टी निळी झाली. तुम्ही मोजलं ते शरीराने टाकून दिलेलं. आणि पाणी आधी पोहोचतं जठरात, जिथे सामू १.५ ते ३.५ असतो. तिथे अशा पाण्याचा फारसा निभाव लागत नाही.

---

स्टेथोस्कोप

सहमत. एक भर घालतो, कारण यात माझा जीव अडकतो. 'रक्त आम्लधर्मी झालंय' हे वाक्य ऐकून काही मधुमेही इन्सुलिनऐवजी अल्कलाइन पाण्यावर विसंबतात. खरा अ‍ॅसिडोसिस झालेला माणूस हा धागा वाचत बसलेला नसतो, तो रानपाखरूंच्या आईसारखा श्वास घेत असतो. आणि त्यावर उपाय म्हणजे आम्ल बनणं थांबवणं. कीटोन बनतात ते इन्सुलिन नसल्यामुळे. इन्सुलिन आणि सलाईन दिलं की कारखाना बंद होतो आणि स्नायू, मेंदू, मूत्रपिंडं साठलेले कीटोन वापरून टाकतात, त्यातूनच बायकार्बोनेट परत तयार होतं. बाहेरून अल्क ओतायची बहुतेकदा गरज पडत नाही.

---

हिरवीपालवी

लघवीचा मुद्दा पटला. असा विचारच केला नव्हता. मधुमेह मला नाही, पण माझ्या बहिणीला आहे, तिला हा धागा पाठवते.

---

रात्रपाळी

आयसीयूत परिचारिका आहे. पहाटे चारला आलेला एबीजीचा रिपोर्ट बघून सगळे धावतात, पण नमुना कसा घेतला हे कुणी विचारत नाही. म्हणून लिहिते.

सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की कार्बन डायऑक्साइड खोटा कमी दिसतो आणि ऑक्सिजन बदलतो. नमुना टेबलावर पडून राहिला की रक्तातल्या पेशी जिवंतच असतात, त्या ऑक्सिजन वापरत राहतात, आम्ल सोडत राहतात, म्हणजे रिपोर्ट रुग्णापेक्षा वाईट येतो. द्रव हेपॅरिन (रक्त गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये असतं ते औषध) जास्त झालं तर बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही पातळ होऊन कमी दिसतात. रिपोर्ट आणि समोरचा रुग्ण जुळत नसतील तर मी आधी नमुना पुन्हा घेऊ का विचारते.

आणि नातेवाइकांनो, ही सुई नेहमीच्या सुईपेक्षा दुखते. धमनी खोल असते. नंतर पाच मिनिटं आम्ही मनगट दाबून धरतो, तेव्हा "झालं ना आता, सोडा" म्हणू नका. सोडलं तर आत रक्त साकळतं.

---

शांत_डोह

इथे विचारू का माहीत नाही. मला घबराटीचे झटके येतात. श्वास वेगाने सुरू होतो, ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, एकदा तर हाताची बोटं वाकडी होऊन आखडली. सगळ्यांनी सांगितलं की 'मनाचे खेळ'. हा पण सामूचाच प्रकार का?

---

स्टेथोस्कोप

@शांत_डोह, इथेच विचारा. मुंग्या आणि बोटं आखडणं हा अगदी खरा, रक्तात मोजता येणारा बदल आहे. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, रक्त अल्कधर्मी होतं. हायड्रोजन आयन अल्ब्युमिनवरची जागा सोडतात आणि तिथे कॅल्शियम जाऊन बसतं. रक्तातलं एकूण कॅल्शियम तेवढंच, पण मोकळं, कामाचं कॅल्शियम घटतं. त्यामुळे नसा चिडखोर होतात, मुंग्या येतात, स्नायू आखडतात. शिवाय कार्बन डायऑक्साइड घटल्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून गरगरतं. मग भीती वाढते, श्वास आणखी वाढतो.

कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय करू नका. ऑक्सिजन घसरतो, आणि कारण घबराट नसून दमा, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ किंवा हृदयविकार असला तर घात होतो. श्वास सोडणं लांबवा, ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. आणि निदान पक्कं होण्याआधी एकदा तपासून घ्या, हे महत्त्वाचं. रानपाखरूंच्या आईंच्या श्वासालाही कुणी 'घाबरल्यात' म्हणू शकलं असतं.

---

शांत_डोह

"खरा बदल आहे" हे वाचून रडू आलं. धन्यवाद.

---

कडेकपारी

उंचीवरच्या गिर्यारोहणात आम्ही हेच अंगावर घेतो. उंचावर ऑक्सिजन कमी, म्हणून श्वास वाढतो, म्हणून कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होतं. आणि अल्कधर्मी रक्त श्वसनकेंद्राला म्हणतं 'थांब'. ऑक्सिजन म्हणतो 'घे', सामू म्हणतो 'थांब'. पहिल्या काही रात्री तंबूत सोबत्याचा श्वास मध्येच थांबतो आणि मग दचकून सुरू होतो, त्याचं कारण ही ओढाताण. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बायकार्बोनेट टाकायला लागतात आणि श्वासाची वाट मोकळी होते. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी हेच काम लवकर करवून घेते.

१९८१ च्या वैद्यकीय संशोधन मोहिमेत ख्रिस्तोफर पिझ्झो यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर स्वतःच्या उच्छ्वासाचे नमुने घेतले. त्यातला कार्बन डायऑक्साइड निघाला ७.५! खाली आपला ४० असतो. त्यावरून रक्ताचा सामू ७.७ च्या वर असावा असा हिशेब झाला. तिथे ऑक्सिजन इतका तुटपुंजा असतो की अल्कधर्मी रक्ताचा एक फायदाच होतो, हिमोग्लोबिन फुप्फुसात ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं.

---

स्टेथोस्कोप

कडेकपारी, मस्त उदाहरण. आम्लता आणि हिमोग्लोबिनची पकड यांचं नातं क्रिस्टियन बोर, हॅसलबाल्क आणि क्रोग यांनी १९०४ मध्ये दाखवलं, तेही कोपनहेगनमध्येच. सॉरेन्सनही तिथलाच. आणि आता त्याच शहरातली एक गोष्ट सांगतो. विद्यार्थ्यांना मी एबीजी शिकवायला सुरुवात करतो ती इथूनच.

१९५२ चा उन्हाळा, पोलिओची भयंकर साथ. ब्लेगडाम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसं, त्यात पुष्कळ लहान मुलं, रोज येत होती. पहिल्या ३१ जणांपैकी २७ तीन दिवसांच्या आत गेले. मरताना त्यांच्या रक्तातलं एकूण कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण, ज्यात मुख्य वाटा बायकार्बोनेटचा, खूप वाढलेलं असायचं. सामू सहज मोजता येत नव्हता. बायकार्बोनेट वाढलंय म्हणजे अल्कलोसिस, असं वाचलं गेलं. 'कारण माहीत नसलेला अल्कलोसिस' म्हणून मुलं मरत होती.

ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं गेलं. तो म्हणाला, हा अल्कलोसिस नाही. फुप्फुसांतून कार्बन डायऑक्साइड बाहेरच जात नाहीये, तो साठतोय. हा अ‍ॅसिडोसिस आहे, बायकार्बोनेट त्याच्या मागोमाग वाढलंय. म्हणजे मुलं मरतायत ती नीट श्वास दिला जात नाही म्हणून. २७ ऑगस्टला एका १२ वर्षांच्या मरणाच्या दारातल्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन, नळी घालून, रबरी फुग्याने हाताने श्वास दिला. ती वाचली. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पॉल अ‍ॅस्ट्रुप यांनी सामू मोजला आणि इब्सेनचं म्हणणं खरं ठरलं.

मग यंत्रं कुठून आणणार? सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, दिवसरात्र, रुग्णांच्या उशाशी बसून हाताने फुगे दाबले. मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून झपाट्याने खाली आलं. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथे झाली असं मानतात. आकडा तोच होता. तो ज्या गोष्टीत बसवून वाचला, ती बदलली आणि मुलं जगली.

---

रात्रपाळी

फुगा दाबायचं काम मी केलंय, रुग्णाला एका विभागातून दुसरीकडे नेताना. वीस मिनिटांत हात भरून येतो. त्या मुलांनी रात्र-रात्र केलं. वाचून थांबले.

---

रानपाखरू

मी पण.

डॉक्टर, एक राहिलंच. आईला इन्सुलिनच्या ड्रिपसोबत पोटॅशियमही देत होते. आधीच्या रिपोर्टवर तर पोटॅशियम ५.२ म्हणजे जरा जास्तच होतं. मी तेव्हा सिस्टरांशी थोडा वाद घातला होता.

---

स्टेथोस्कोप

वाद घालणं साहजिक आहे, बाहेरून ते चुकीचंच दिसतं. इन्सुलिन नसलं आणि साखर फार वाढली की पोटॅशियम पेशींतून रक्तात येतं. त्याच वेळी लघवीतून आणि उलटीतून ते शरीराबाहेर जात असतं. म्हणजे रक्तात जास्त, शरीरात तूट. इन्सुलिन सुरू झालं की ते झपकन पेशींत परततं आणि रक्तातलं पोटॅशियम कोसळतं. हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. म्हणून ५.२ असतानाच द्यायला सुरुवात करतात आणि पोटॅशियम फार कमी असेल तर आधी ते देऊन मगच इन्सुलिन.

---

जुनीविहीर

मूत्रपिंडाचा जुना रुग्ण आहे, डायलिसिस नाही. मला रोज सोडाबायकार्बच्या गोळ्या आहेत. वर लिहिलंय की बाहेरून अल्क द्यायची गरज नसते. मग माझ्या गोळ्या?

---

स्टेथोस्कोप

बंद करू नका! बरं झालं विचारलंत. मी कीटोअ‍ॅसिडोसिसबद्दल बोलत होतो. तिथे आम्लाचा कारखाना बंद करता येतो. तुमच्यात कारखाना रोजचाच आहे, बिघडलीय ती बाहेर टाकायची वाट. मूत्रपिंडं पुरेसं अमोनियम बनवू शकत नाहीत. उरलेलं आम्ल झेलायला शरीर हाडांतला क्षार वापरतं, स्नायूही झिजतात. तुमची गोळी ती रोजची तूट भरते.

आयसीयूतल्या तीव्र अ‍ॅसिडोसिसमध्ये बायकार्बोनेट द्यावं का यावर आमच्यात अजून वाद आहेत. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत, सामू ७.२० च्या खाली गेलेल्या रुग्णांना ते दिल्याने एकूण मृत्यू कमी झाले असं ठामपणे दिसलं नाही, पण डायलिसिसची गरज कमी पडली. मी स्वतः मूत्रपिंडाला इजा झालेल्यांत हात सैल सोडतो, बाकीच्यांत आखडता घेतो.

---

रानपाखरू

शेवटचं विचारते. पुन्हा असं होऊ नये म्हणून घरी काय करायचं? आता तरी मला कळलंय की मी इन्सुलिन थांबवायला नको होतं.

---

स्टेथोस्कोप

तुम्ही जे केलंत ते फार घरांत होतं, प्रेमापोटीच होतं. आजारपणात शरीराची इन्सुलिनची गरज वाढते, जेवण गेलं नाही तरी. लांब पल्ल्याचं इन्सुलिन स्वतःहून पूर्ण बंद करायचं नाही, मात्रा डॉक्टरांना विचारून बदलायची. दर काही तासांनी साखर बघा, जमल्यास कीटोन बघायच्या पट्ट्या घरी ठेवा, पाणी चालू ठेवा. उलट्या थांबत नसतील, श्वास खोल झाला, गुंगी आली, तर वाट न बघता रुग्णालय.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी. मधुमेहाच्या गोळ्यांत एक गट आहे, नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्या चांगल्या आहेत, घाबरून सोडू नका. पण त्या साखर लघवीतून बाहेर टाकतात, त्यामुळे क्वचित रुग्णाला कीटोअ‍ॅसिडोसिस होतो आणि ग्लुकोमीटरवर साखर जेमतेम २०० सुद्धा नसते. 'साखर ठीक आहे' म्हणून सगळे निर्धास्त राहतात. उलट्या, उपास किंवा मोठी शस्त्रक्रिया असेल तेव्हा ही गोळी तात्पुरती थांबवायची का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

---

साधाप्रश्न

डॉक्टर, आत्ता उठून बाबांचं पाकीट बघितलं. डापाग्लिफ्लोझिन आहे. आणि येत्या सोमवारी त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. भूलतज्ज्ञांनी औषधांची यादी विचारली तेव्हा मी 'शुगरची एक गोळी' एवढंच सांगितलं होतं.

---

स्टेथोस्कोप

आज बुधवार. सकाळी पहिला फोन त्यांना करा, गोळीचं पूर्ण नाव वाचून दाखवा. साधारणपणे ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी ती थांबवतात, साखरेचं दुसरं नियोजन तेच सांगतील.

---

साधाप्रश्न

केला फोन. उद्यापासून बंद करायला सांगितलीय, रविवारी भरती झाल्यावर साखर आणि कीटोन दोन्ही बघणार आहेत. रानपाखरू, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.